एकेचाळीस बहिणी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण या एकेचाळीस वेगवेगळ्या बायका आहेत," रघुवीरआबांनी छातीठोकपणे सांगितलं.

नात पलक कॉम्प्युटरसमोर बसली होती. सकाळपासून ती आबांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो निवडून फोल्डरांत लावत होती. पडद्यावर एकच फोटो एकेचाळीस वेळा उभा: हिरवी साडी, डोक्यावर पदर, मागं हायवे. डुप्लिकेट आहेत, एक ठेवून चाळीस उडवू का, असं कॉम्प्युटर विचारत होता.

"आबा, ये तो रमाआजी आहे. सगळ्यांत!"

"छे! तुझी आजी ढाब्यावर कचोरी खात होती. मानपुरला एक वरातीचा ट्रक थांबला, त्यातल्या या बहिणी."

"एकेचाळीस? एका आईच्या?"

"दोन आयांच्या. उगाच खोटं कशाला सांगू?"

"आणि सगळ्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला?"

"एकाच दुकानातून घेतल्या होत्या, भिया!" नातीलाही आबा भिया, म्हणजे भाऊच म्हणायचे.

पलक खदखदून हसली, पण माऊसवरचं बोट काही काढलं नाही. "कॉम्प्युटरमध्ये जागाच नाही, आबा. एक तरी फर्क दाखवा, तर ठेवते."

एका टिचकीत चाळीस रमा जाणार होत्या. खुर्ची पुढं ओढून ते पडद्याला नाक लावून बसले. तेव्हा कॅमेरा नवा होता. फोटो निघाला की खटका वाजतो, एवढंच त्यांना ठाऊक. हा वाजेना, म्हणून ते दाबत राहिले, दाबत राहिले. पण हे काही नातीला सांगण्यासारखं नव्हतं.

मग त्यांना गाय सापडली.

"ही बघ! पहिलीच्या मागं नुसती शिंगं. मधलीच्या मागं पोट. शेवटच्या बहिणीमागं शेपूट. अख्खी गाय हायवे ओलांडून गेली, आणि म्हणे डुप्लिकेट!"

दारात रमाआजी पोह्यांच्या बशा घेऊन केव्हाची उभी होती. बशा टेबलावर ठेवून तिनं चष्मा लावला, एकेका हिरव्या साडीवरून नजर फिरवली आणि गाईच्या शेपटीपाशी थांबली.

"राहू दे गं सगळ्या," ती म्हणाली. "पण खोटं आहे हं हे, धडधडीत! एकेचाळीस जणींतली एकसुद्धा एवढा वेळ उन्हात उभी राहिली नसती."