काळी बाटली

पाणीपुरवठा खात्याच्या विजयश्री मॅडमनी पंचायतीत बसून कॅनमधलं पाणी दोन तांब्यांत ओतलं. एक तांब्या कमलबाईपुढं ठेवला, दुसरा पल्लवीपुढं. तळ्याच्या मधोमध होडी नेऊन पाणी आणलंय, असं त्या म्हणाल्या. आता दोघींनी आपापली बाटली भरायची, निकाल सोमवारी. पुढच्या महिन्यापासून गावाला पाणी तपासणीची एकच पेटी मिळणार होती. जिचं काम चोख, पेटी तिची.

तीन वर्षं ती पेटी कमलबाईकडं होती. पगार नाही, मानधन नाही. पण दर पंधरवड्याला पेटी काखेत मारून ती तळ्याकडं निघाली, की पारावरची माणसं पाय आखडून वाट द्यायची. त्याआधी ती नुसती अंकुशरावांची बायको होती. आता तिला अख्खं गाव पाणीवाली अक्का म्हणत होतं.

मग कोहिनूर गावची पल्लवी सून होऊन गल्लीत आली. बी.एस्सी. झालेली, बोलायला गोड. मदतीला म्हणून मॅडमनी तिलाही एक पेटी दिली. चार महिन्यांत तिनं गावाच्या ग्रुपवर तळ्याचे फोटो टाकून सगळ्यांची वाहवा मिळवली, आणि खुद्द अंकुशराव जेवता जेवता म्हणाले, पोरगी हुशार आहे हं. त्या दिवसापासून कमलबाईला भाकरी गोड लागेना. पोरीनं आपलं काही वाकडं केलेलं नाही, हे तिला कळत होतं. तरी ती तिला पाण्यात पाहत होती.

बाटल्या बोटाएवढ्या, आत आधीच औषध घातलेलं. पाणी भरून दोन दिवस ठेवायच्या. पाण्यात घाण असली की त्या औषधानं बाटली काळी पडते. तळ्याच्या मधल्या पाण्यानं कमलबाईची बाटली तीन वर्षांत एकदाही काळी पडली नव्हती.

मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. कमलबाईनं झाकण काढलं, पाणी भरलं, झाकण लावलं. पल्लवीनं मात्र आधी आपली बाटली नळाखाली धरून चांगली खळखळून विसळली, पालथी घालून झटकली आणि मगच भरली. ते बघून कमलबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी ती साधा पेलासुद्धा विसळल्याशिवाय भरत नसे, आणि ही बाटली तीन वर्षं आली तशीच वापरत आली होती.

नावाच्या चिठ्ठ्या रबरानं बांधून दोन्ही बाटल्या पंचायतीच्या कपाटात गेल्या.

सोमवारी कमलबाई सगळ्यांच्या आधी पंचायतीत हजर. हणमंतप्पा शिपायानं ऑफिस उघडलं आणि तो चहा सांगायला गेला. तिनं हळूच कपाट उघडलं. पल्लवीची बाटली नितळ होती. कमलबाईची स्वतःची काळीकुट्ट.

पाणी एकच होतं. म्हणजे घाण आपल्याच बाटलीत होती. आता पेटी त्या पोरीच्या काखेत जाणार, पारावरची माणसं तिला वाट देणार, आणि अंकुशराव ते कौतुकानं बघणार. एवढं मनात आलं आणि तिच्या छातीत आग उठली. रबर निघाले, चिठ्ठ्या इकडच्या तिकडं झाल्या. अर्ध्या मिनिटाचं काम.

दहाला सगळे जमले. काळ्या बाटलीवर आपलं नाव बघून पल्लवीचा चेहरा पडला.

"अक्का, पाणी तर एकच हुतं. माझीच कामून काळी झाली?"

"हात नीट धुतले न्हाईस वाटतं," कमलबाई म्हणाली. तिला पोरीची थोडी दया आली, पण चार महिन्यांत पहिल्यांदाच पोटात गारही वाटलं.

मॅडमनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून बघितल्या. मग नितळ बाटली कमलबाईपुढं केली.

"ही तुमची? नक्की?"

"व्हय मॅडम. माझीच."

मॅडमनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. मग त्यांनी पेटी उचलली आणि पल्लवीच्या हातात दिली.

"माफ करा अक्का, ते पाणी तळ्याचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "फिल्टरच्या पाण्यात मी वाटीभर नालीचं पाणी मिसळून आणलं होतं. कुणाची बाटली काळी पडते, तेवढंच मला बघायचं होतं."