सहा नंबरची खुर्ची

नव्याण्णव साली बंगळूरमध्ये, कोरमंगलाच्या सायबर कॅफेत संयोगिता रोज पाच नंबरच्या खुर्चीत बसून टायपिंगची कामं शोधायची. साइटवर जाहिरात पडली, की पहिल्या अर्जालाच काम मिळायचं. म्हणून तिनं अर्ज फ्लॉपीत तयारच ठेवला होता. नुसतं कामाचं नाव बदलायचं आणि धाडायचं. तरी गेले तीन महिने उत्तर एकच: तुमचा नंबर दुसरा. कारण मधल्या लाकडी फळीपलीकडे, सहा नंबरवर, तिच्या आधी कीबोर्डच्या कळा वाजायच्या.

आज ती पार थकली होती. फ्लॉपी पर्समधून काढायचंही जिवावर आलं.

"अण्णा, सहा नंबरवर कोण बसतं हो?" तिनं गल्ल्यावरच्या मालकाकडे बघून विचारलं.

"त्या पण मघाशी हेच विचारत होत्या, अक्का," अण्णा म्हणाले. "पाच नंबरवर कोण बसतं म्हणून."

तेवढ्यात नवी जाहिरात पडली. संयोगितानं हात मांडीवरच ठेवले. पलीकडे कळा वाजल्या आणि थांबल्या.

तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली: संयोगिता, तुमचा अर्ज पोचला. नंबर पहिला.

सुस्कारा सोडायला तिनं छातीभर श्वास घेतला. सुस्कारा फळीपलीकडून ऐकू आला.