गर्दीतलं थोपटणं

"बाळ झालं की तू मला विसरशील, बघ," असं वृंदाने डोहाळजेवणातच बजावलं होतं. ऋजुताने ते हसण्यावारी नेलं. पुढे वर्षभर मैत्रिणीचा फोन उचलायलाही तिला फुरसत मिळाली नाही. कधी मेसेज करून विचारलंच, तर वृंदाचं उत्तर ठरलेलं असायचं: "मजेत आहे."

आज वृंदानेच तिला एका नव्या बँडच्या कार्यक्रमाला ओढून आणलं होतं. मुंगी शिरायला जागा नव्हती. ऋजुताचा एक डोळा दारावर होता, तर दुसरा फोनवर.

"बाळाला बाबाकडेच ठेवलंयस ना? वाघाकडे नाही," वृंदा म्हणाली.

संथ गाणं सुरू झालं, तशी ऋजुता नकळत डोलू लागली आणि शेजारची पाठ हळूहळू थोपटू लागली. ती भानावर आली, तेव्हा वृंदा तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती.

"अगं, सवयीने हात गेला," ती ओशाळून म्हणाली.

"थांबू नकोस. मलाही वर्षभर कुणी जवळ घेतलेलं नाही."

ऋजुताने फोन पर्समध्ये टाकला. पुढच्या गाण्याला दोघी घसा बसेपर्यंत गात नाचल्या.

तुमचीही एखादी मैत्रीण नेहमी "मजेत आहे" एवढंच सांगत असेल, तर एकदा तिला प्रत्यक्ष बघून या.