टाय सैल करू नका

तनवीर इतका हसला की त्याला ठसकाच लागला. फरजानाने नवऱ्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

टीव्हीवर ‘टाय सैल करू नका’ चालू होती. दर शुक्रवारी संध्याकाळी हे दोघं मुलीला, अलीजाला घेऊन खालच्या मजल्यावरून हेलनच्या घरी यायचे आणि चहा-खारीबरोबर सगळे मिळून ती मालिका बघायचे. मालिकेतली कंपनी मंदीने पार खिळखिळी झाली होती. मालकाने आधी चहाचे कप कमी केले, मग खुर्च्या, मग माणसं. “आम्ही कुणाला काढत नाही,” तो हात जोडून म्हणायचा, “आम्ही फक्त कुटुंब लहान करतोय.”

मालिकेचा नायक दिगंबर त्या कुटुंबातून केव्हाच गळला होता, पण बायकोला सांगायची त्याची छाती होत नव्हती. रोज टाय बांधून तो घराबाहेर पडायचा आणि कुणाच्याही लग्नात जाऊन जेवायचा. आज एका मुंजीत लोकांनी त्याला मुलाचा मामा समजून पाटावर बसवलं होतं.

“डॅडा नेव्हर लाफ्स,” कॅरल म्हणाली.

हेलनने बेनीकडे पाहिलं. लेकीचं खरं होतं. सगळं घर हसत असताना तिचा नवरा खारीचा चुरा बशीत गोळा करत बसला होता.

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी त्यांना नको बोलावूस.”

“का रे? भांडलात का?”

“नाही. ती मालिका बघवत नाही मला.”

हेलनला दिगंबर आठवला.

बेनी आखातातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत अकाउंट्सला होता, तनवीर तिथेच परचेसला. अल सद्दच्या घरून दोघं बेनीच्याच गाडीने जायचे. कंपनीचे जुने प्रोजेक्ट संपत आले होते आणि नवीन हाती लागत नव्हते, एवढं हेलनला माहीत होतं. अलीकडे बेनी घरी उशिरा यायचा. ऑफिसचं विचारलं की “चाललंय” एवढंच म्हणायचा. डब्यात मात्र चपात्या जास्त मागायचा. दिवसभर कुठेतरी नुसता बसून राहणाऱ्या माणसाला भूक लागणारच, असं आता तिला वाटू लागलं.

त्यात हॉस्पिटलात तिच्याच वॉर्डातल्या लवीनाने विचारलं, “काल बेनीला सुट्टी होती का गं? तुमची गाडी भर सकाळी अल थुमामाला दिसली, मॉलच्या पार्किंगमध्ये.”

घरी आल्यावर हेलनने बेनीला विचारलं. तो बूट काढता काढता म्हणाला, “साइटवर काम होतं.” तोंड वर केलंच नाही त्याने.

अल थुमामाला त्यांच्या कंपनीची साइट नव्हती.

त्या आठवड्यात हेलनला झोप अशी लागलीच नाही. तिच्या एकटीच्या पगारात कॅरलची शाळा आणि घरभाडं दोन्ही बसणार नव्हतं. वसईला परत जायचं तर सासूबाईंना काय सांगायचं? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला विचारायचं कसं? बेनी मनाला लावून घेणारा. खोटं पकडलं गेलं तर तो मोडून पडेल. रोज सकाळी ती त्याचा डबा भरायची आणि “सांभाळून जा” म्हणायची. त्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

गुरुवारी तिची सुट्टी होती. ती मेट्रोने वेस्ट बेला गेली आणि लिफ्टने बेनीच्या ऑफिसच्या मजल्यावर उतरली. रिसेप्शनच्या काचेतून आतलं दिसत होतं. अगदी पुढच्याच टेबलावर बेनी बसला होता. चष्मा कपाळावर, मान कॉम्प्युटरमध्ये. शेजारून कुणीतरी फाइल पुढे केली, त्याने सही केली.

हेलन हाक न मारताच मागे फिरली. मेट्रोत एका फिलिपिनो बाईने तिला टिश्यू दिला, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण रडतोय.

शुक्रवारी तिने हौसेने कोळंबीचे कटलेट तळले आणि फरजानाला स्वतः फोन करून बोलावलं. बेनीने रिमोट स्वतःजवळ ठेवून घेतला.

त्या दिवशीच्या भागात दिगंबरला मॉलमध्ये बायको समोरून येताना दिसते आणि तो कपड्यांच्या दुकानात पुतळा होऊन उभा राहतो. बायको जवळ येते, त्याच्या कोटाचं कापड चाचपते आणि दुकानदाराला भाव विचारते. तनवीर हसून हसून लोळायचा बाकी राहिला. रुमालाने डोळे पुसायला लागला.

हेलनला राहवलं नाही. “मी एक गंमत सांगू?”

“हेलन, राहू दे,” बेनी म्हणाला.

“अरे, आता काय लाजायचं! फरजाना, मला वाटलं आमचा बेनीपण दिगंबर झाला. खरंच! काल मी गुपचूप त्याच्या ऑफिसला जाऊन आले. बघते तर हा छान सह्या करत बसलाय!”

“या अल्ला!” फरजानाने टाळी दिली. “भाभी, तुम्ही तर कमालच केलीत. मग मीच का मागे राहू? रविवारी मी पण येते. इतकी वर्षं झाली, तनवीरची केबिन मी बघितलीच नाही. बिर्याणी करून आणते, सगळ्यांनाच होईल. काय हो, चालेल ना?”

बेनीने रिमोट घेऊन आवाज बंद केला. तनवीरचं हसू केव्हाच थांबलं होतं, पण रुमाल अजून डोळ्यांवरच होता.

“नको येऊस, फरजाना,” तो म्हणाला. “बेनी मला रोज सकाळी मॉलवर उतरवतो. ईदपासून मला ऑफिसात आत सोडत नाहीत.”