नववा रकाना

"किल्ली काय फ्रीजमध्ये ठेवतात? फ्रीजमध्ये! दुधाच्या पातेल्याला टेकून!"

खुर्चीत नीट टेकायच्या आतच काका सुरू झाले होते. काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"घाईत ठेवली असेल."

"असेल काय? ठेवलीसच."

विम्याच्या ऑफिसातल्या त्या काचेच्या केबिनमध्ये एक टेबल, तीन खुर्च्या आणि सुकत चाललेली एक कुंडी एवढंच मावत होतं. दार आपोआप लागायचं. उघडायचं तर समोर बसलेल्या पॉलिसीवालीला टेबलाखालचं बटण दाबावं लागायचं.

तिने दोन फॉर्म पुढे ओढले. "लेकीकडे तीन महिने, बरोबर? विमान परवाचं, म्हणजे पॉलिसी आजच करायला हवी. साध्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार धरत नाहीत. दुसरी जरा महाग आहे, पण जुनं दुखणं तिकडे अचानक बळावलं तर हॉस्पिटलचा खर्च मिळतो. फक्त ते दुखणं फॉर्मवर लिहिलेलं हवं आणि डॉक्टरांचं पत्र हवं."

"साधी दे," काका म्हणाले. "आम्ही ठणठणीत."

"दुसरी," काकू म्हणाल्या.

काकांनी क्षणभर विचार केला. "तेही बरोबरच म्हणा. हिचा काही भरवसा नाही. पोरी, मी छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या. मला जंगलात सोड, संध्याकाळी घरी येईन. गेल्या महिन्यात हिच्याबरोबर फिरायला गेलो, तर दोन तास घर सापडेना. का? तर हिने वळण चुकवलं."

"चुकलंच माझं," काकू म्हणाल्या.

काकांनी शर्टाचा खिसा थोपटला. "आता माझ्या प्रत्येक शर्टात पत्त्याची चिठ्ठी ठेवते. ही हरवली तर मला उपयोगी पडावी म्हणून. हुशार आहे तशी."

पॉलिसीवाली हसली. काकू पर्सच्या चेनशी चाळा करत राहिल्या.

"काका, खालच्या दुकानातून पासपोर्टच्या झेरॉक्स आणता का? तोवर काकूंचा फॉर्म भरते."

"मी जाते!" काकू एकदम उठल्या. मग पुन्हा बसल्या. "नाही तर असं कर ना, इथेच काढ. तुमच्याकडे मशीन असेल."

मशीन होतं. पण तेवढ्या वेळातही काका जागचे हलले नाहीत. ते टॉयलेट विचारून उठले, तेव्हा कुठे काकूंनी श्वास सोडला. ते समोरच्या पॅसेजमधून जाताना काचेतून दिसत होते.

"बाळ, पटकन ऐक," काकू म्हणाल्या. पर्समधून चार घड्या घातलेला कागद अर्धा बाहेर आला होता. "डॉक्टरांचं पत्र आणलंय मी. पण त्यांच्यासमोर नको..."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. लेकीचा होता.

"नाही गं, अजून नाही सांगितलं. आत्तापर्यंत समोरच बसले होते ना. हो, कळतंय मला. नाव नाही काढणार त्यांच्यासमोर. मी काय करू मग? कागदावर लिहून दाखवू का या मुलीला?"

बोलता बोलता त्यांनी काचेतून पाहिलं. पॅसेज रिकामा होता. कागद पर्समध्ये गेला.

"बटण दाब. बटण दाब गं!"

दहा मिनिटांनी दोघं परत आले. काकूंना धाप लागली होती.

"शेजारच्या दातांच्या दवाखान्यात शिरले मी," त्या म्हणाल्या. "पाटीच नाही बघितली."

"ऐक!" काका पॉलिसीवालीला म्हणाले, आणि खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी खिसा थोपटला नाही.

दोघांचे फॉर्म बरोबरच पुढे सरकले. रक्तदाब नाही, साखर नाही, हृदयविकार नाही. नवव्या रकान्याशी पॉलिसीवाली थांबली.

"स्मरणशक्तीचा काही त्रास? काका, तुम्हाला?"

"मला? हिला विचार."

तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. मग दाराकडे. दार लागलेलं होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "हो."

"कुणाच्या फॉर्मवर... तुमच्या?"

"माझ्याच. अजून कुणाच्या?"

पॉलिसीवालीने लिहिलं. "मग तुमचं पत्र द्या."

"देते. आधी सही घे."

"काकू, सहीआधी एक सांगते, हे माझं कामच आहे. फॉर्मवर नसलेलं दुखणं तिकडे निघालं, तर कंपनी हात वर करते. परक्या देशात हॉस्पिटलचा सगळा खर्च तुमच्या अंगावर पडेल. तेव्हा ज्याचं आहे त्याच्याच नावावर, खरं खरं असू द्या."

काकूंच्या हातातलं पेन कागदावर नुसतंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आता सही करायलाही विसरलीस की काय?" काका म्हणाले. हसू कुणालाच आलं नाही, त्यांनाही.

काकूंनी पहिलं अक्षर काढलं. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग चष्मा सारखा करून ते फॉर्मवर वाकले, आणि नवव्या रकान्यातल्या त्या 'हो'कडे बराच वेळ पाहत राहिले.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घडीच्या रेघा मळल्या होत्या. पुष्कळदा उघडलेली दिसत होती.

"पोरी, मोठ्याने वाच."

"अहो, राहू द्या ना," काकू म्हणाल्या.

पॉलिसीवालीने वाचलं. "'हे गृहस्थ वाट चुकले असतील, तर कृपया खालच्या पत्त्यावर पोचवा किंवा या नंबरवर फोन करा. मी त्यांची पत्नी.'"

"आता हिचं 'हो' खोड आणि माझ्या फॉर्मवर लिही," काका म्हणाले. "बाकी सगळं विसरत असेन मी. वाचायला नाही विसरलो अजून."