उकिरड्याचा विस्तव

"अहो, हा गॅस उष्टा आहे!" यमुताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबल्या. "साऱ्या नागपूरच्या पानात उरलेलं तिथं पडत होतं. त्याच्या वाफेवर मी सासूबाईंच्या श्राद्धाचा स्वयंपाक करू?"

त्यांचे यजमान दत्तोपंत शेगडीपाशी उकिडवे बसले होते. घरामागचा शहराचा जुना उकिरडा माती टाकून बुजवला होता आणि आत कुजणाऱ्या कचऱ्यातून जळणारा वायू सुटत होता. त्यात त्यांनी लोखंडी नळ खुपसला, त्याला रबरी नळी जोडली आणि ती खिडकीतून थेट आत आणली. पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेला माणूस, हात स्वस्थ बसतात होय!

"अग्नीला विटाळ नसतो," ते म्हणाले. "अन् हा वायू नुसता सुटून राहिला तर एखाद्या दिवशी भडका उडेल. जाळला तर उलट वस्तीवर उपकार. पुण्य लागतं त्याचं."

"उकिरडा जाळून पुण्य! मग लोक काशीला काहून जातात?"

पण रेशनच्या दुकानात रॉकेल नव्हतं, भादव्यातली लाकडं नुसती धुमसत होती आणि गुरुजी ओसरीवर येऊन बसले होते. यमुताईंचा नाइलाज झाला. त्यांनी एकच अट घातली. पानाला कावळा शिवला तर गॅस घरात राहील. नाही शिवला तर नळी आजच्या आज बाहेर.

दत्तोपंतांचं तोंड उतरलं. त्यांची आई जिवंतपणी शेजारच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हती. श्राद्धाला दरवर्षी कावळा दुपार टळेपर्यंत ताटकळत ठेवायचा आणि यमुताईंनी हात जोडून नसलेल्या चुका कबूल केल्या की मगच यायचा.

यमुताईंनी नेहमीसारखा ओलेत्यानं स्वयंपाक केला. निळी आच एकसारखी लागत होती. वडे असे टम्म फुगले की त्यांना त्याचाही राग आला.

त्यांनी मागच्या भिंतीवर पान ठेवलं, चार पावलं मागे सरकल्या आणि हात जोडायला पदर सावरला. तेवढ्यात उकिरड्याकडून कावळा आला आणि थेट खिरीत चोच घातली.

"बघ! आईला चाललं!" दत्तोपंत लहान मुलासारखे ओरडले.

यमुताईंचे डोळे भरून आले. हसावं की रडावं, त्यांचं त्यांनाच कळेना.

"सासूबाई," त्या कावळ्याला म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून थंडीतापात मला ओलेत्यानं रांधायला लावलंत. शेजारणीची सावली पडली म्हणून भरलं पातेलं गाईपुढे ठेवलंत. अन् आता उकिरड्यावरचं गोड लागून राहिलं तुम्हाला?"

कावळ्यानं मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा वडा उचलला.