जेमतेम बसलेलं गार्ड

"ते 'बेअरली' काढ. 'फेअरली' टाक," प्रमोदसाहेब स्वप्नालीच्या खुर्चीमागून म्हणाले. "एका शब्दानं काय होतंय?"

स्वप्नालीची बोटं की-बोर्डवर अडली. कारखान्यातल्या सुदामकाकांनी अपघाताचा जबाब मराठीत दिला होता, तिच्यासमोर. 'प्रेसचं गार्ड जेमतेम बसलेलं होतं.' गार्ड म्हणजे मशीनमध्ये हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. त्याच प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. आता तिच्या इंग्रजी भाषांतरात ते गार्ड बऱ्यापैकी घट्ट ठरणार होतं, आणि चूक काकांची.

पण तिची पर्मनंटची ऑर्डर याच साहेबांच्या सहीसाठी अडली होती. बेलवलीला घरी आई रोज दारातच विचारायची, "झाली का गं सही?"

तिनं शब्द बदलला. प्रिंट काढली. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. ती पाणी प्यायला उठली आणि न पिताच परत आली.

कॅम्प चारच्या घरून रिक्षानं आलेले सुदामकाका तिच्या टेबलासमोरच्या बाकावरच बसले होते. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावून त्यांनी कागद पुढे ओढला. तिला राहवलं नाही.

"काका, थांबा. तुम्ही जेमतेम म्हणालात. मी फेअरली लिहिलंय. म्हणजे गार्ड तसं ठीक होतं, असा अर्थ होतो."

"ठाऊक आहे, पोरी." काका शांतपणे म्हणाले. "साहेबांनी कालच समजावलं. त्या बदल्यात आमच्या जावयाला कामावर घेतायत, हितेशला. चार महिने घरी बसलाय. लेकीचे, रिद्धीचे हाल बघवत नाहीत. माझी बोटं काय, गेली ती गेली."

 स्वप्नालीनं विचारलं, "कुठल्या मशीनवर घालणार त्याला?"

"माझ्याच जागी."

"तिथलं गार्ड बदललं?"

"आता कशाला बदलतील? कागदावर ते ठीकच…"

काकांचं वाक्य तिथंच तुटलं. अंगठा हवेतच राहिला. बाहेर साहेबांच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. काकांनी कागद मुठीत चुरगळला.

"दुसरा काढ, पोरी. मी बोललो तसाच. आणि खाली साक्षीदार लागेल."

दार उघडलं. स्वप्नालीनं मान वर केली नाही. तिनं आधी खालच्या ओळीत स्वतःचं नाव टाइप केलं.